ठिगळाखालचा चेहरा

आल्डो व्हेस्कोवीवर कुणी चार ओळी लिहील असं मला वाटत नाही, म्हणून मी लिहिते. ज्या पोरांनी त्याची चित्रं उशीखाली ठेवली ती आता आजोबा झाली. त्यांना चित्र आठवतं, चित्रकार नाही. त्यांचा तरी काय दोष? आमच्या कचेरीत चित्रावर सही करायची पद्धत नव्हती. कुणी कोपऱ्यात बारीक अक्षरात केलीच, तर तिच्यावर पांढरा रंग फिरवायला एक माणूस पगारी ठेवलेला होता.

मी त्या कचेरीत वीसेक वर्षं काढली. कॉलेजात लॅटिन शिकले आणि पोटासाठी कॉमिकमधल्या संवादांच्या फुग्यांतलं शुद्धलेखन तपासलं. इमारत कोसळताना किती उद्गारचिन्हं द्यायची, हे ठरवणारी बाई मी. तेव्हा आधीच सांगून टाकते, त्या गोष्टी मला कधी आवडल्या नाहीत. घट्ट कपड्यांतले पुरुष, छातीवर चिन्ह, आणि तोंडात शाळेच्या मुख्याध्यापकाची भाषा. पण मुखपृष्ठांची बात वेगळी होती.

आमचा कारभार उलटा होता. मुखपृष्ठ आधी, गोष्ट नंतर. चित्र साहेबांना पसंत पडलं की मग लेखकाला बोलवायचं आणि विचारायचं, हा माणूस या संकटात कसा सापडला? शोधून काढ. लेखक करवादायचे. या व्हेस्कोवीने नायकाला मगरींवर उलटा टांगलाय, मी आता शहराच्या मधोमध मगरी कुठून आणू, असं एकजण माझ्या टेबलाशी येऊन रडायचा. पण मगरी आणायचा. कारण त्या चित्रापुढे गोष्टीचं काही चालत नसे.

टपरीवर कॉमिकं एकावर एक अशी लावलेली असायची की प्रत्येकाची वरची पट्टीच तेवढी दिसे. बाकीचे चित्रकार त्या पट्टीत नायकाचं डोकं कोंबायचे. आल्डो तिथे आकाश ठेवायचा, आणि आकाशातून खाली येणारं काहीतरी. पोर हात घालून ते ओढून काढायचंच, खाली कोण सापडलंय ते बघायला. आणि त्याचा उडणारा माणूस पक्ष्यासारखा उडत नसे. पडायला निघालेल्याने ऐन वेळी पडायचं नाकारावं, तसा तो दिसे. बाकीच्यांचे नायक मोटार उचलायचे तेव्हा ती पुठ्ठ्याची वाटायची. आल्डोने काढलेल्या बोटांना वजन कळायचं. इतकं मला लॅटिन कवितेतही क्वचितच कुणी दाखवलं.

आता चेहऱ्याचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं.

कॅप्टन बीकन हा आमचा मुख्य नायक, छातीवर दीपगृह असलेला. त्याचं तोंड पोरांच्या जेवणाच्या डब्यांवर आणि दंतमंजनावर छापलं जायचं, त्यामुळे ते सगळीकडे एकसारखं हवं, असा साहेबांचा हुकूम. त्यासाठी हेसलिंग नावाचा एक म्हातारा मागच्या खोलीत बसवला होता. तो दिवसभर तेच एक तोंड काढायचा. हसरं, दात आवळलेलं, खाली बघणारं, वर बघणारं. ते कात्रीने कापायचं आणि दुसऱ्याने काढलेल्या धडावर रबराच्या गोंदाने चिकटवायचं. आम्ही त्याला ठिगळ म्हणायचो. चित्र कुणाचंही असो, नायकाच्या तोंडावर हेसलिंगचं ठिगळ. सुरुवातीला एकदोघं भांडून नोकरी सोडून गेले. उरलेले शहाणे झाले. ठिगळ लागणारच, तर खाली चेहरा काढायचा कशाला? ते मानेवर नुसता अंड्यासारखा गोल काढायचे, डोळ्यांची पातळी कळावी म्हणून त्यात एक उभी आणि एक आडवी रेघ, की झालं. आज किती अंडी घातलीस, असं एकमेकांना विचारायचे.

आल्डोही अंडी घालायचा. पण तो म्हणायचा, हे रेमो गेल्यानंतर सुरू झालं. त्याआधी मी प्रत्येक चेहरा काढला, ठिगळ लागणार हे माहीत असून काढला. हे त्याने मला इतक्यांदा सांगितलं की माझंही तेच मत झालं.

रेमो त्याचा धाकटा भाऊ. व्हेस्कोवी ब्राँक्समध्ये राहायचे, आर्थर अव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. बाप लवकर गेलेला. आई असुंता, थोरली बहीण आयोले हातमोज्यांच्या कारखान्यात, मधला आल्डो, आणि शेंडेफळ रेमो मासळीच्या दुकानात. आल्डोला वेळ नसला की चित्रं कागदात गुंडाळून तोच कचेरीत आणून द्यायचा. मी त्याला दोन-तीनदाच पाहिला. एकदा त्याने माझ्या टेबलावरचं सँडविच न विचारता अर्धं खाल्लं आणि वर मोहरी कमी पडली म्हणून मलाच बोल लावला. मासळीचा वास यायचा अंगाला. पण शरीर असं, की टंकलेखन करणाऱ्या मुलींचे हात थांबायचे.

तो आल्डोसाठी गच्चीवर उभा राहायचा. गळ्यात आईचं टेबलावरचं लाल कापड झग्यासारखं बांधून, एक पाय धुराड्यावर, हात वर. तासन् तास. शेजारच्या गच्च्यांवरून पोरं हाका मारायची. खालून आई ओरडायची की कापडाला काजळी लागली तर दोघांनाही त्याच कापडात गुंडाळून पुरेन. रेमो जागचा हलायचा नाही. गंमत म्हणजे चित्रासाठी पुतळ्यासारखा उभा राहणारा हा मुलगा फोटोसाठी क्षणभर स्थिर राहत नसे. घरातल्या प्रत्येक फोटोत तो पुसट. कुणाकडे तरी मान वळवलेली, नाहीतर कुणाला तरी ढोसत असलेला.

मग कोरियाचं युद्ध आलं आणि त्याला बोलावणं आलं. जाण्याआधीच्या रविवारी तो शेवटचा उभा राहिला. मुखपृष्ठ असं ठरलं होतं, की इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची भलीमोठी टाकी कोसळतेय आणि कॅप्टन बीकनने ती एका खांद्यावर पेललीय. टाकी म्हणून रेमोने खांद्यावर धुण्याची टोपली घेतली. त्या दिवशी दोघांत काय बोलणं झालं ते आल्डोने मला पुढे अनेकदा सांगितलं, शब्दही कधी बदलला नाही.

रेमो म्हणाला, "या वेळी थोबाडसुद्धा माझंच काढ."

"ठिगळ लावतील."

"लावू देत की. खाली मी आहे हे तुला माहीत असलं म्हणजे झालं."

आल्डो म्हणाला, काढतो.

रेमो गेला तो हिवाळा संपायच्या आत मारला गेला. तो अंक टपरीवर यायच्याही आधी. सैन्याने काढलेला एक फोटो तेवढा घरी आला. टोपी कपाळावर ओढलेली, ओठ मिटलेले, बँकेत कारकुनी करणारा कुणी भित्रा मुलगा असावा तसा. आई त्या फोटोकडे बघायची नाही. हा नाही, म्हणायची.

अंक आला तेव्हा आल्डोने तो आईपुढे ठेवला आणि सांगितलं, मम्मा, हे तोंड चिकटवलेलं आहे, याच्याखाली आपला रेमो आहे. हसतोय. मला वाटतं त्याने हे सांगायला नको होतं, पण तेव्हा त्या घरात बोलायला दुसरं होतं काय? म्हातारीला छापील कागद आणि मूळ चित्र यांतला फरक कुठून कळणार? तिने अंगठा जिभेला लावला आणि कॅप्टन बीकनचं तोंड घासायला लागली. घासून निघेना तेव्हा नखाने खरवडलं. आयोलेने अंक काढून घेतला तोवर चेहऱ्याच्या जागी भोक पडून मागच्या पानावरच्या सायकलीच्या जाहिरातीतलं चाक दिसत होतं. दुसऱ्या दिवशी आईने आल्डोला फर्मावलं, खरं चित्र घरी आण.

आल्डोने मागितलं. साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू खाटकाकडे कुणी गाईचं नाव विचारलं. छापून झाल्यावर मूळ चित्रांना आमच्याकडे कुणी विचारत नसे. त्यांच्यावर ठेवून पुठ्ठे कापत, गळक्या पाइपाखाली ती अंथरत, जागा उरली नाही की कचऱ्याची गाडी बोलावत. तरी द्यायची मात्र नाहीत, मालमत्ता कचेरीची. आल्डोने महिनाभर मागची खोली चोरून धुंडाळली. मीही एकदा त्याच्याबरोबर ढिगारे उपसले. ते चित्र तिथे नव्हतं. कुणीतरी बगलेत मारून नेलं असणार.

आई पुढे दहा-बारा वर्षं जगली. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येत नसत, पण आल्डोला विचारायची, तो आहे ना तुझ्याकडे? आणि तो म्हणायचा, आहे मम्मा, कागदाखाली आहे.

कंपनी बुडाली. मी ग्रंथालयात लागले. आल्डोने एका मोठ्या दुकानाच्या जाहिरातींसाठी सोफे आणि गाद्या काढल्या. लग्न केलं नाही, आयोलेनेही नाही. दोघं त्याच घरात राहिली. महिन्यातून एखाद्या रविवारी मी जेवायला जायचे, आयोलेच्या हातचं खायला आणि आल्डोशी वाद घालायला. त्याच्या बोटांचे सांधे सुजले आणि चित्रं थांबली. नेमकं त्याच सुमाराला लोकांना त्याचा शोध लागला. टक्कल पडलेले पुरुष जुने अंक प्लास्टिकमध्ये घालून दारात यायचे. तुम्हीच का ते मगरींचं काढलं होतं, असं विचारताना त्यांचे डोळे भरून यायचे. मला ते हास्यास्पद वाटायचं आणि हेवाही वाटायचा. शुद्धलेखनासाठी कुणी कधी रडत आलं नाही. आल्डो त्यांचं कौतुक कानाआड करायचा आणि प्रत्येकाला एकच विचारायचा. पाण्याच्या टाकीच्या मुखपृष्ठाचं मूळ चित्र कुणाकडे आहे, काही ठाऊक आहे का?

अखेर एकाला ठाऊक निघालं. न्यू जर्सीत फॉस नावाचा दातांचा डॉक्टर होता, चित्र त्याच्याकडे होतं. आल्डोने फोनवर सगळं सांगितलं. रेमो, गच्ची, ठिगळ, सगळं. फॉस आधी तयार होईना. जुनी चित्रं जमवणाऱ्या या लोकांच्या धर्मात चिकटवलेलं काढणं म्हणजे पाप, जसं छापलं गेलं तसंच ते राहिलं पाहिजे. मग म्हणाला, गोंद वाळलाय, ठिगळाचा वरचा कोपरा आपोआप सुटलाय. तुम्ही या. हात लावायचा तर तुम्हीच लावा.

गाडी मी चालवली. आल्डोने कोट घातला होता, दाढी करताना हनुवटीला कापून घेतलं होतं. आयोले येणार होती, पण तिचे गुडघे जिना उतरू देईनात. ती दारात उभी राहून म्हणाली, नीट बघून ये, आल्डो. मला सांगायचंय तुला.

फॉस सभ्य निघाला. त्याने तळघरातल्या खोलीत ते चित्र एकटंच लावलं होतं. मी ते छापील पाहिलं होतं, पण मूळ चित्र दुपटीने मोठं, काळ्या शाईतलं. खरं सांगते, मी दोन पावलं मागे सरले. टाकी अजून कोसळत होती. खाली तो खांदा, ताणलेली मान, वाकलेला गुडघा. एका घोट्यात धुणं वाळत घालायची दोरी अडकलेली, तिच्यावर कुणाचे तरी लांब पायजमे फडफडताहेत. दुसरा पाय जमिनीवर टेकताना मधेच थांबलाय, कारण तिथे कुणीतरी टोमॅटोची कुंडी ठेवलीय.

"आठ वर्षांचा होतो," फॉस म्हणाला. "तापाने पडून होतो. हे चित्र दिवसभर बघायचो. वाटायचं, टाकी पेलायची ताकद आपल्याला कधीतरी येईल. पण टाकी डोक्यावर असताना कुंडी न तुडवायची ताकद काही येणार नाही."

एरवी आल्डोला हे ऐकून बरं वाटलं असतं. इतकं नेमकं कुणी कधी बोललं नव्हतं. पण त्याचं लक्षच नव्हतं. तो त्या तोंडाकडे बघत होता, हेसलिंगच्या. गोंदामुळे भोवती तपकिरी डाग पडलेला.

फॉसने चित्र चौकटीतून काढून टेबलावर ठेवलं आणि एक पातळ सुरी पुढे केली. आल्डोने सुजलेल्या बोटांनी ती घेतली. त्याने सुरीचं टोक कोपऱ्याखाली सरकवलं. काही करावंच लागलं नाही. ठिगळ वाळक्या पानासारखं सुटून टेबलावर पडलं.

खाली अंडं होतं.

एक गोल, एक उभी रेघ, एक आडवी रेघ.

फॉस घाईघाईने म्हणाला, कुणीतरी खोडून टाकलं असेल, तेव्हा काय काय करायचे, नाही का? आल्डोने अंगठा त्या गोलावरून फिरवला. खोडलं की कागदाला लव सुटते, म्हणाला, हा गुळगुळीत आहे. इथे कधी काही नव्हतं.

"मी काढला होता, सेल्मा," तो मला म्हणाला. "भुवई आधी काढली. तिच्यावरचा व्रण काढला. मला दिसतंय अजून."

मी त्याला म्हटलं, खाली बस आधी.

माझं मत विचाराल तर तो कधीच खोटं बोलला नव्हता. रेमोला बोटीवर सोडून आला, चित्र द्यायची घाई, डोकं ठिकाणावर नाही. हात सवयीने अंडं काढून मोकळा झाला असणार. अंडी घालणं रेमोच्या मरणानंतर सुरू झालं असं तो म्हणायचा, पण ते आधीच सुरू झालेलं होतं. चेहरा काढायचं त्याने इतकं मनापासून ठरवलं होतं, की काढल्यासारखंच झालं.

फॉसला काय करावं सुचेना. त्याने कपाटातून पेन्सिल आणली आणि आल्डोपुढे ठेवली. आता काढा, म्हणाला. जागा तुमचीच आहे. मला चालेल. संग्रह करणाऱ्या माणसाने असं म्हणणं म्हणजे काय, हे मला नंतर कळलं. आल्डोने पेन्सिल उचलली. बराच वेळ धरली. टोक कागदापर्यंत नेलं आणि तिथेच थांबला.

"मला तो आठवत नाही," आल्डो म्हणाला. "मला ते चित्र आठवायचं. इतकी वर्षं मी त्या चित्राकडे बघून त्याला आठवत होतो."

त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि फॉसकडे गोंद मागितला. ठिगळ जिथल्या तिथे बसवलं, कडा बोटाने दाबल्या, बाहेर आलेला गोंद गोळी करून काढला. नीट काम केलं. फॉसचे आभार मानले.

परतताना पूल ओलांडेपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, पाय तर त्याचेच आहेत. मी म्हटलं, आहेत, खांदाही त्याचाच. त्यावर त्याने विचारलं, तुला त्याचं तोंड आठवतं का? मी खूप प्रयत्न केला. सँडविच आठवलं, वास आठवला, मोहरीवरून केलेली बडबड आठवली. नाही आठवत, असं मी सांगितलं. खोटं बोलून धीर देणं मला कधी जमलं नाही, आणि त्या दिवशी जमायला हवं होतं असंही मला वाटत नाही. खोटा चेहरा घेऊन त्याने काय केलं असतं?

घरी आयोलेने टेबल मांडलं होतं. सॉसेज आणि मिरच्या, पाव, आणि एरवी सणाला निघायची ती वाइन. आम्ही कोट काढतोय तोवर तिने विचारलं.

"पाहिलास?"

आल्डोने माझ्याकडे पाहिलं नाही. "पाहिला," म्हणाला.

"हसत होता?"

"हसत होता."

ती खुर्चीत बसली. पदरी पडलेलं काही घट्ट धरावं तसे तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग म्हणाली, मला काढून दाखव. आता ताजं पाहिलंयस, लगेच काढ. इथेच, पावाच्या कागदावर काढ. मला कुठे चौकटीत लावायचंय?

आल्डोने आपले हात टेबलावर ठेवले, सुजलेली बोटं पसरून, तिला दिसतील असे. ते हात ती रोजच बघत होती. तरी तिने ते नव्याने पाहिले आणि मान हलवली.

"असू दे," ती म्हणाली. "आपल्यातल्या एकाने तरी पाहिला ना. जेवा आता, गार होतंय."

आम्ही जेवलो. मी वाद घातला नाही.

आल्डो पुढच्या उन्हाळ्यात गेला. शवपेटीपाशी आयोले खुर्ची टाकून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, की रेमोला शेवटचं पाहिलं ते आमच्या आल्डोने. टक्कल पडलेले ते पुरुषही आले होते, त्यांनाही सांगत होती. त्यांच्यात फॉस होता. तो तिच्यापुढे वाकला, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, हो बाई, मी तिथेच होतो.

आयोले मागच्या वर्षी गेली. आता हे वाचून दुखावेल असं कुणी उरलेलं नाही.